साठीनंतरची आगगाडी

"डॉक्टर काका, आता तुम्हीच बाबांना सांगा. आमचं काही ऐकत नाहीत."

२०२२ च्या दिवाळीत पुण्याहून आलेला मुलगा वडिलांना घेऊन माझ्या दवाखान्यात आला होता. वडील माझे जुने रुग्ण. बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट, पंधरा वर्षांचा मधुमेह, पत्नी दोन वर्षांपूर्वी गेलेली. आपण त्यांना नाना म्हणू. (त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे. नावगाव मात्र मुद्दाम दिलेले नाही.) मला वाटले, नानांनी पथ्य सोडले असेल किंवा गुपचूप तंबाखू सुरू केली असेल. पण तक्रार वेगळीच निघाली. "बाबा दिवसभर माडीवर बसून आगगाडीशी खेळतात."

नाना खाली मान घालून बसले होते, शाळेत पकडून आणलेल्या मुलासारखे.

हे "खेळणे" म्हणजे काय, ते आधी सांगतो. माडीवरच्या खोलीत नानांनी आठ फूट लांब आणि अडीच फूट रुंद असे प्लायवूडचे टेबल करून घेतले होते. त्यावर ते आपल्या बार्शी लाइटचे एक लहानसे स्टेशन उभे करत होते. ही अरुंद मापाची लाइन एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बांधली. १८९७ मध्ये ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून जाणारी ती छोटी गाडी आमच्या पिढीने पाहिलेली आहे. आता तिथे ब्रॉडगेज झाले आहे. नानांचे वडील त्या लाइनवर गँगमन होते आणि नानांचे बालपण स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये गेले. ते स्टेशन, ते फाटक, ती बाभळ, सगळे त्यांना टेबलावर पुन्हा पाहायचे होते.

या छंदात मापाला फार महत्त्व असते. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण सत्त्याऐंशीस एक, म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी पटींनी लहान करायची. या प्रमाणात साडेपाच फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. बार्शी लाइटच्या दोन रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. त्याला सत्त्याऐंशीने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात तयार मिळणारे एक छोट्या मापाचे रूळ बरोबर नऊ मिलिमीटरचे असतात. हा हिशेब नानांनी मला त्या दिवशीही सांगायचा प्रयत्न केला होता. मी ऐकून घेतला नाही. बाहेर वीस रुग्ण खोळंबले होते.

मी मुलाची बाजू घेतली. "नाना, या वयात हे कशाला? मान वाकवून तासन्‌तास बसता, डिंक-रंगाचा वास घेता, पैसे जातात ते वेगळेच. सकाळी फिरायला जा, संध्याकाळी देवळात जा, नातवंडांत रमा." यातले एकही वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. नानांनी वाद घातला नाही. "बरं," एवढेच म्हणाले आणि उठले.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा वजन पाच किलोंनी उतरले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी आधी ७.२ टक्के होती, ती ९.६ वर गेली होती. मी गोळ्या वाढवल्या आणि सवयीने विचारले, "झोप लागते ना?"

"लागते. पण तीनला जाग येते."

"मग काय करता?"

"काही नाही. उजाडायची वाट बघतो. उजाडल्यावर रात्रीची."

वाचकहो, तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी असंख्य औषधे लिहून दिली आणि काही बंदही केली. पण औषध म्हणून कधी न लिहिलेली गोष्ट मी एका माणसाची बंद केली आहे, हे मला त्या क्षणी समजले.

अशा वेळी डॉक्टरांनी दोन साधे प्रश्न विचारायचे असतात. गेल्या पंधरा दिवसांत मन वारंवार उदास किंवा हताश वाटले का? आणि नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का? नानांनी दोन्हींना होकार दिला. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आणि औषध सुरू झाले. हे मी आवर्जून सांगतो, कारण नैराश्य हा आजार आहे आणि केवळ छंदाने तो बरा होतो असा समज कोणी करून घेऊ नये. पण त्याच आठवड्यात मी आणखी एक काम केले. संध्याकाळी दवाखाना बंद करून नानांच्या माडीवर गेलो.

टेबलावर जुनी चादर टाकलेली होती. ती त्यांनी उचलली तेव्हा धूळ उडाली. स्टेशन होते, फाटक होते, एका टोकाला तारेच्या जाळीची उघडी टेकडी होती आणि पलीकडे ओढ्यावरचा अर्धा पूल. नाना हळूच म्हणाले, "टेकडीचं काम राहिलंय. डॉक्टर, तुमच्याकडे प्लास्टरच्या पट्ट्या असतात ना?"

हातपाय मोडल्यावर आम्ही जे प्लास्टर घालतो, त्याच पट्ट्या भिजवून जाळीवर पसरल्या की वाळल्यावर डोंगर तयार होतो. मी दुसऱ्या दिवशी दोन गुंडाळ्या पाठवून दिल्या. आजवर शेकडो मनगटांना प्लास्टर घातले, टेकडीला घालण्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर मी अधूनमधून माडीवर जाऊ लागलो आणि या छंदात काय काय लागते ते पाहू लागलो. बाभळीसाठी तांब्याच्या तारा पिळायच्या, त्यांना रंगवलेला भुसा चिकटवायचा. रुळांखाली चाळलेली बारीक वाळू खडी म्हणून पसरायची आणि पाणी घातलेला डिंक ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचा. नवे डबे मुद्दाम जुने दिसावेत म्हणून खडूची पूड चोळायची. बार्शी लाइटचे इंजिन दुकानात मिळत नाही. म्हणून परदेशी बनावटीच्या एका छोट्या इंजिनाचा सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचे अंग चढवायचे. विजेचा हिशेब वेगळाच. साध्या पद्धतीत रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह जातो. दाब कमी-जास्त केला की वेग बदलतो आणि प्रवाहाची दिशा उलटवली की गाडी मागे येते.

पण सगळ्यांत अवघड काम म्हणजे गाडी हळू चालवणे. नानांनी मला गणित घातले. ताशी तीस किलोमीटरने जाणारी खरी गाडी सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर सरकली पाहिजे. म्हणजे आठ फुटांचे टेबल ओलांडायला पंचवीस सेकंद. जत्रेतली खेळण्याची गाडी तेवढे अंतर तीन-चार सेकंदांत पळते. इतके हळू चालवायचे तर रूळ स्वच्छ हवेत, सांधे गुळगुळीत हवेत, चाके पुसलेली हवीत. कुठे धुळीचा कण आला की इंजिन जागीच थांबते. मग ते ढकलायचे नाही, कारण शोधायचे. रोज संध्याकाळी सहाला नानांची मिश्र गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटते. तत्पूर्वी अर्धा तास रूळ पुसण्यात जातो.

यात आरोग्याचा संबंध कुठे आला? मला तो असा दिसतो. दूरदर्शनची मालिका आपल्यावाचून चालू राहते. आपण बघितली काय आणि नाही काय, तिला फरक पडत नाही. नानांची गाडी मात्र त्यांनी हात लावल्याशिवाय सुटत नाही. निवृत्त माणसाला विश्रांतीची वाण नसते. उद्या सकाळी उठल्यावर आपली वाट पाहणारे एखादे काम त्याला हवे असते. शिवाय हा छंद एकांताचा वाटला तरी तो माणसाला घराबाहेर काढतो. स्टेशनच्या दाराचा रंग कोणता होता, हे विचारायला नाना जुन्या रेल्वेवाल्यांच्या घरी जाऊ लागले. सुताराकडे, इलेक्ट्रिशियनकडे, रंगाच्या दुकानात पायी खेटे घालू लागले. मी सांगून जे चालणे झाले नव्हते, ते बाभळीच्या भुशाने करून घेतले.

मुलाचा दुसरा आक्षेप होता, "लोक काय म्हणतील?" त्याला मी म्हटले, तू पुण्यात राहतोस, कोथरूडला जाऊन ये. भाऊ जोशी यांनी उभे केलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय तिथे १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. एका माणसाच्या हौसेतून ते उभे राहिले आणि आज लोक तिकीट काढून मुलाबाळांना ते दाखवायला नेतात. इंग्लंडचा नामवंत गायक रॉड स्टुअर्ट याने वीसहून अधिक वर्षे खपून एका अमेरिकन शहराची रेल्वे घरात उभी केली आणि २०१९ साली ती जगाला दाखवली. गाण्याच्या दौऱ्यावर असतानाही हॉटेलात एक जादा खोली घेऊन तो इमारतींचे नमुने करत बसे.

तिसरा आक्षेप जास्त खोल होता. "बाबांच्या मागे या पसाऱ्याचं काय करायचं?" याचे उत्तर मला जॉन अ‍ॅलन या अमेरिकन माणसाच्या चरित्रात मिळाले. जन्म १९१३ चा. लहान वयात संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर होऊन त्याचे हृदय कायमचे दुबळे झाले होते. हा आजार आपल्याकडे आजही मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब करतो. व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या अ‍ॅलनने कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी आपल्या घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या, पूल आणि गावे असलेली रेल्वे बांधली. गंजलेले पत्रे, धुराने काळवंडलेल्या भिंती, झिजलेले फलाट हे सारे मॉडेलमध्ये खरे दिसले पाहिजे, हा धडा पुष्कळांनी त्याच्याकडून घेतला. ६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने तो गेला आणि दहाच दिवसांनी आग लागून त्या रेल्वेचा बहुतेक भाग जळाला. ती तेव्हाही अपुरीच होती. मग सारे वाया गेले का? त्याने काढलेली छायाचित्रे आणि लिहिलेले लेख पाहून आजही लोक शिकतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुबळे हृदय घेऊन जगलेल्या त्या माणसाची वर्षे हाती काम असताना गेली. मागे काय उरले यावर छंदाचा हिशेब मांडणे मला चुकीचे वाटते.

आता या हकिगतीतला मुख्य भाग सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात नाना सकाळीच दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टर, रूळ सरळ आहे. वाकडं काहीतरी माझ्यात आहे."

रूळ सरळ बसला की नाही हे पाहायला एक डोळा मिटून, रुळाच्या पातळीवर डोके नेऊन लांबवर बघतात. सुतार रंधलेली फळी पाहतो तसेच. नानांना स्टेशनसमोरचा रूळ मध्येच वाकलेला दिसला. त्यांनी तो उखडून पुन्हा बसवला. पुन्हा वाकडा. शेवटी सुट्टीत आलेल्या नातवाने पोलादी पट्टी लावून दाखवली, "आजोबा, सरळ तर आहे!" तेव्हा नानांनी दुसऱ्या डोळ्याने पाहिले. रूळ सरळ! पुन्हा डाव्या डोळ्याने पाहिले, तर वाकडा.

मी त्यांना लगेच नेत्रपटलाच्या तज्ज्ञांकडे पाठवले. मधुमेहामुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली होती. डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागली आणि नजर बऱ्याच अंशी वाचली. मधुमेह्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा हे मी सर्वांना सांगतो. नानांनी दोन वर्षे टाळले होते, कारण दोन्ही डोळ्यांनी वर्तमानपत्र नीट वाचता येत होते. मीही पाठपुरावा केला नव्हता. माझ्या हातून निसटलेले निदान नऊ मिलिमीटरच्या रुळाने पकडले. आणि ज्या टेबलाने ते पकडले, ते मी दीड वर्षापूर्वी बंद करवले होते! आजही ही आठवण आली की मला अस्वस्थ वाटते.

वाचकांनीही हे करून पाहावे. चष्मा लावून, एका वेळी एक डोळा झाकून, खिडकीचे गज किंवा फरशीच्या रेघा बघा. सरळ रेघ वाकडी, तुटक किंवा मधेच पुसट दिसली, तर नंबर बदलला असेल म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

हा छंद ज्यांना करायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना.

१. दर अर्ध्या तासाने उठून दोन-चार मिनिटे चाला. टेबल कमरेच्या वर घ्या, म्हणजे मान कमी वाकते. वाचण्याचा चष्मा बारीक कामाला पुरत नाही. कामाचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगा आणि दिवा भरपूर ठेवा.

२. डाग देताना राळेचा जो धूर निघतो त्याने दमा बळावतो. खिडकी उघडी ठेवा, पंखा असा लावा की धूर तोंडावर न येता बाहेर जाईल. डाग देण्याच्या तारेत शिसे असू शकते, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय चहालाही शिवू नका.

३. मधुमेह्यांनी खोलीत चपला घालाव्यात. तारेचा तुकडा पायात घुसला तरी कित्येकदा कळत नाही. रोज रात्री तळवे तपासा. बोटे बधिर असतील तर डाग देण्याचे काम दुसऱ्याकडून करून घ्या.

४. कालवलेले प्लास्टर घट्ट होताना तापते. त्यात हात बुडवून ठेवू नका. कोरडी पूड उडते तेव्हा मास्क बांधा. झटपट चिकटणारा डिंक पापण्यांना लागला तर ओढाओढ न करता कोमट पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

५. रुळांतली वीज सौम्य असली तरी ट्रान्सफॉर्मरला येणारी २३० व्होल्टची असते. ट्रान्सफॉर्मर तयार व चांगल्या प्रतीचाच घ्या, घरी जोडू नका.

६. बटणासारखे सेल आणि डबे जोडण्याचे छोटे लोहचुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने सेल गिळला तर उलटी करवू नका, वाट पाहू नका. दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. थेट मोठे रुग्णालय गाठा.

खर्चाबद्दलही बोलले पाहिजे. परदेशी इंजिने महाग असतात आणि हौसेला मोल नाही हे खरे, पण पेन्शनला असते. तीन फुटांची फळी, एक रूळ, पुठ्ठ्याचे स्टेशन एवढ्यावरही वर्ष सुखात जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

आणि छंद आगगाडीचाच हवा असे मुळीच नाही. कोणाचा तबला असेल, कोणाचे शिवणकाम, कोणाची बाग. नानांच्या पत्नी उत्तम भरतकाम करत, असे नानाच एकदा म्हणाले. पण त्यांच्यासाठी कोणी आठ फुटांचे टेबल करून घेतले नव्हते, आणि मीही त्यांना कधी काही विचारले नव्हते. आपल्याकडे साठीनंतरच्या बाईला छंदासाठी खोली सोडाच, दुपारचा एक तासही मिळत नाही. याचाही विचार व्हावा.

नानांचा मधुमेह बरा झालेला नाही. तो होणारही नाही. सरासरी साखर ७.६ वर आहे, गोळ्या चालू आहेत. उदासीचे औषध मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने नऊ महिन्यांनी थांबले. कधी कधी तीनला जाग येतेच. पण आता ते उजाडायची वाट बघत पडून राहत नाहीत. पुलाचा विचार करतात. मी मात्र बदललो आहे. साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाला रक्तदाब मोजताना विचारतो, "घरी गेल्यावर काय करता?" आणि उत्तर केस पेपरवर लिहून ठेवतो. "काही नाही" असे उत्तर आले, तर ते मी लक्षण समजतो.

परवा नाना तपासणीला आले होते. मी विचारले, "काय, झाला का पूल?"

"कुठलं हो! खांबांचं मापच चुकलंय. पाडून पुन्हा बांधायला घेतलाय."

मी केस पेपरवर लिहिले, "प्रकृती समाधानकारक."